न दिसणारी नस कशी पाहतात?

मे महिन्यात भारतात गेला असाल, तर हा अनुभव तुम्हाला आला असेल. देवळाबाहेर चपला काढायच्या आणि उन्हात तापलेल्या दगडी फरशीवरून आत जायचं. तुम्ही "आई गं, आई गं" करत, टाचांवर उड्या मारत सावली गाठता. आजोबा मात्र शांतपणे, फरशी गार असल्यासारखे चालत येतात. सगळे हसतात. "बघा, याला म्हणतात आमच्या पिढीचे पाय!" असं कोणीतरी म्हणतंच.

ते खरंही असू शकतं. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळव्याची कातडी जाड होते. पण आजोबांना पंधरा-वीस वर्षं मधुमेह असेल, तर आणखी एक शक्यता असते. फरशी भाजते आहे हे त्यांच्या पायांना कळतच नसेल. मग रात्री पाय धुताना तळव्यावर फोड दिसतो आणि तो कधी आला हे आजोबांना सांगता येत नाही. फोड फुटतो, जखम होते. दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, आणि मधुमेहात जखम लवकर भरत नाही. काही जणांच्या पायाचं बोट, कधी सगळं पाऊल कापावं लागतं. त्याची सुरुवात बरेचदा अशा एका न दुखलेल्या फोडापासून झालेली असते.

पायांना कळत नाही म्हणजे नेमकं काय बिघडतं? आणि जे बिघडलं ते कातडी न कापता, बाहेरून बघता येतं का? या पाठात आपण ते वाचणार आहोत. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण आमच्या घरात मधुमेह तीन पिढ्यांपासून आहे, आणि ही तपासणी मला कळली ती घरातल्याच एका दुखण्यामुळे. ती गोष्ट पुढे येईल.

शीर, नस आणि चेता

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण मराठीत इथे थोडा घोळ आहे. घरी आपण म्हणतो, "मानेची शीर आखडली", "कमरेत नस दबली". यातली शीर किंवा नस म्हणजे मेंदूकडे निरोप नेणारी आणि मेंदूकडून आणणारी तार. पण दवाखान्यात रक्त घेताना सिस्टर म्हणतात, "तुमची शीर सापडत नाही हो." इथे शीर म्हणजे रक्ताची नळी. शब्द एकच, वस्तू दोन.

मी मराठी माध्यमात शिकले. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा घोळ नव्हता. रक्त हृदयाकडे परत नेते ती शिरा, हृदयाकडून पुढे नेते ती धमनी, आणि निरोपाची तार ती चेता. वर्तमानपत्रात चेतेला मज्जातंतू म्हणतात. (आणि हो, शिरा म्हणजे रव्याचा गोड पदार्थसुद्धा. वाक्यावरून ओळखायचं.) पुस्तकातला शब्द बरोबर असला, तरी आजीला 'चेता' म्हटलं तर ती विचारेल, "कोण चेता?" म्हणून या पाठात मी घरातलाच 'नस' हा शब्द वापरते.

रोगाच्या नावाचंही तसंच आहे. पुस्तकात मधुमेह, बोलताना डायबेटिस, नाहीतर नुसतं 'शुगर'. "मला शुगर आहे" असं कोणी म्हणालं तर तो माणूस तक्रार करतो आहे असं समजा, साखरेचा डबा पुढे करू नका.

टेलचा शेतकरी

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतची नस मोठ्या माणसात साधारण एक मीटर लांब असते. तिच्यातल्या तंतूंच्या मूळ पेशी पाठीच्या कण्याजवळ असतात, आणि तिथून थेट टोकापर्यंत लागेल ते सामान पोचवावं लागतं. आमच्याकडे कालव्याच्या अगदी शेवटी ज्यांची शेतं असतात, त्यांना 'टेलचे शेतकरी' म्हणतात. कालव्याला कुठेही गळती लागली, पाणी कमी सुटलं, की पहिली झळ टेलला. नसांमध्येही तेच होतं. म्हणून मधुमेहातला बधिरपणा बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांना साधारण सारखाच, आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. तो गुडघ्याजवळ पोचला की मग हाताची बोटंही बधिर व्हायला लागतात. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साखर नसेला त्रास कसा देते? रक्तात साखर फार काळ जास्त राहिली की ती नसेच्या पेशींतही जास्त शिरते, कारण या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. आत गेलेल्या जादा साखरेतून सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ बनतो. तो सहज बाहेर पडत नाही, आणि पाणी ओढून घेतो. दुसरीकडे, नसेला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात आणि नसेला प्राणवायू कमी पडतो. आणखीही कारणं आहेत, आणि त्यातलं कोणतं किती मोठं यावर संशोधक अजून वाद घालतात. आपल्यासाठी एवढं पुरे, की आजारी नस फुगू शकते. नस फुगली की तिचा आकार बदलतो, आणि आकार मोजता येतो.

मधुमेह असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांच्या नसांना कधी ना कधी इजा होते. हा आकडा किती मोठा आहे बघा: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार एकट्या भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत.

"पण आमचे आजोबा तर बारीक आहेत!" असं तुम्ही म्हणाल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर अनेक वर्षं काम केलं. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधले संशोधक जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा आजोबा दिसायला बारीक आहेत म्हणून निश्चिंत राहू नका.

ऐकू न येणारा आवाज

माणसाला २० ते २०,००० हर्ट्‌झ या वारंवारतेचे आवाज ऐकू येतात. वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. २०,००० च्या वरच्या आवाजाला आमच्या पुस्तकात 'श्राव्यातीत ध्वनी' म्हटलं होतं. श्राव्य म्हणजे ऐकू येण्यासारखं, अतीत म्हणजे पलीकडे गेलेलं. शब्द तोडला की सोपा होतो. या आवाजाने शरीराच्या आतलं चित्र काढतात, त्याला सगळे सोनोग्राफी म्हणतात.

याची सुरुवात १८८० साली पॅरिसमध्ये झाली. झाक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. (पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरींचे पती झाले तेच.) उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. म्हणजे एकच स्फटिक आवाज काढूही शकतो आणि ऐकूही शकतो. पहिल्या महायुद्धात पॉल लँजव्हाँ यांनी हे पाणबुड्या शोधायला वापरायचा प्रयत्न केला. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ यांची चित्रं प्रसिद्ध केली. हातापायांच्या नसा सोनोग्राफीत कशा दिसतात, हे डॉक्टर ब्रुनो फोर्नाज यांनी लिहिलं ते मात्र १९८८ साली. मधे तीस वर्षं गेली!

उशीर का झाला, ते साध्या भागाकाराने कळतं. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. पोटाच्या सोनोग्राफीत सुमारे ३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३० लाख कंपनं असलेला आवाज वापरला, तर एका लाटेची लांबी १५४० भागिले ३० लाख, म्हणजे अर्धा मिलिमीटर होते. यकृत बघायला ती चालते. पण मनगटातली नसच मुळी तीन-साडेतीन मिलिमीटर जाड. भिंत रंगवायच्या ब्रशने रांगोळीचे ठिपके काढायला बसल्यासारखं होईल. आता १५ मेगाहर्ट्‌झचा आवाज घ्या. लाट ०.१ मिलिमीटरची होते. हा बारीक ब्रश झाला.

मग पोटालाही बारीक ब्रश का वापरत नाहीत? कारण जितकी वारंवारता जास्त, तितका आवाज शरीरात लवकर विरतो आणि खोल जात नाही. सुदैवाने मनगटातल्या आणि घोट्यातल्या नसा कातडीपासून फार खोल नसतात. दोन सेंटिमीटर खोलवरून आवाज आपटून परत यायला एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त २६ भाग लागतात. यंत्र ती वेळ मोजतं आणि त्यावरून ठिपका किती खोल मांडायचा ते ठरवतं. रोज आठ तास कॉम्प्युटरसमोर बसूनही मला याचं नवल वाटतं.

पडद्यावर काय दिसतं?

भारतातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर दाराशी एक पाटी असते: इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. नसेची तपासणी असली तरी पाटी तीच. मुलगी आहे असं कळलं की गर्भ पाडण्याचे प्रकार होत होते, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि मग देशाने १९९४ साली कायदा केला. त्यामुळे भारतात सोनोग्राफीच्या यंत्राची सरकारकडे नोंद करावी लागते. नसांच्या डॉक्टरांनाही यातून सूट नाही. छोटं यंत्र आणलं आणि पिशवीत घालून घरोघर फिरलं, असं करता येत नाही. ती पाटी तुम्ही मराठीतून वाचून दाखवलीत तर काका-काकू खूश होतील.

आत गेल्यावर कातडीवर जेल लावतात. थंड लागतं. यंत्राचा हातात धरायचा तुकडा, म्हणजे प्रोब, आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. जेल ती हवा हटवतं. मग डॉक्टर प्रोब पायावर आडवा धरतात. पडद्यावर दिसतो तो नसेचा आडवा छेद, काकडीची चकती कापावी तसा. निरोगी नसेची चकती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते: तंतूंच्या जुड्या काळ्या ठिपक्यांसारख्या, आणि त्यांच्याभोवतीचं आवरण पांढऱ्या जाळीसारखं. नस फुगली की चकती मोठी होते आणि जाळी पुसट होत जाते.

पण इतक्या करड्या ठिपक्यांत नस कोणती हे कसं ओळखायचं? इथे मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. आपल्या भाषेने शीर आणि नस यांचा जो घोळ घातला, तो डॉक्टर नुसता प्रोब दाबून सोडवतात. थोडं दाबलं की शिरा चपटी होऊन दिसेनाशी होते. धमनी दाबाखालीही ठकठक उडत राहते. नस यातलं काहीच करत नाही. उरली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. तिचा छेदही नसेसारखाच दिसतो. मग रुग्णाला सांगतात, "पायाची बोटं हलवा." कंडरा सरकते, नस जवळजवळ जागेवर राहते.

तुम्ही आत्ताच करून बघा. उजव्या पायाच्या आतल्या बाजूच्या घोट्यामागे दोन बोटं हलकेच ठेवा. थोडं शोधलंत की नाडी लागेल. त्या धमनीच्या शेजारूनच टिबियल नावाची नस तळव्याकडे जाते. मधुमेहात पायाची नस बघायची तर डॉक्टर बहुतेक वेळा इथेच बघतात. मधुमेहामुळे नसा बिघडलेल्या लोकांमध्ये ही नस सरासरीने जाड असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

नस सापडली की चित्र थांबवतात आणि तिच्या कडेने रेघ ओढतात. यंत्र आतलं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतं. मनगटातल्या मीडियन नसेचं क्षेत्रफळ निरोगी माणसात साधारण १० किंवा त्याहून कमी असतं. मुगाचा दाणा डोळ्यांसमोर आणा, जाडी जवळजवळ तेवढी. क्षेत्रफळ १० चं १४ झालं तर ऐकायला वाढ मोठी वाटते, पण जाडी ३.६ वरून ४.२ मिलिमीटर होते, बस्स. म्हणून हात स्थिर लागतो. प्रोब तिरका झाला तर काकडी तिरकी कापल्यासारखं होतं, चकती लांबट निघते, आणि नस फुगली नसतानाही फुगलेली दिसते.

मावशीचा हात

माझी मावशी सांगली जिल्ह्यात राहते. तिला बारा वर्षं मधुमेह होता, तेव्हाची गोष्ट. तिचा उजवा हात रात्री बधिर व्हायला लागला. तीनच्या सुमाराला जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. भाकरी थापतानाही मुंग्या यायच्या. घरातल्या सगळ्यांनी निदान करून टाकलं: शुगरमुळे होतंय. मीसुद्धा इथून फोनवर तेच म्हणाले, "मावशी, गोड कमी कर बघू तू." ती म्हणाली, "अगं, गोड खातंय कोण!"

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "मावशी, नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात?" मावशीने बोटं मोजून दाखवली. "अंगठा, आणि ह्या दोन. करंगळीला काही नाही." "आणि पाय?" "पाय ठणठणीत आहेत की."

आता मघाचा टेलचा शेतकरी आठवा. साखरेने लांबच्या नसा बिघडल्या असत्या तर आधी पाय बधिर व्हायला हवे होते. इथे पाय ठीक, एक हात बधिर, आणि त्यातही करंगळी सुटलेली. अंगठ्याकडच्या बोटांचं संवेदन मीडियन नस नेते, करंगळीचं दुसरी नस नेते. डॉक्टरांना संशय आला. त्यांनी मावशीच्या हाताला छोटे छोटे विजेचे झटके देऊन नसेचा वेग मोजायला लावला, आणि सोनोग्राफीही केली. मनगटापाशी मीडियन नस १५ चौरस मिलिमीटर निघाली. तीच नस कोपराच्या बाजूला, हाताच्या मधोमध बघितली तर ७. म्हणजे सगळी नस सुजलेली नव्हती. एकाच जागी ती आवळली गेली होती.

मनगटात एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना हाडं, वरून एक घट्ट पट्टा. त्यातून नऊ कंडरा आणि ही एक नस जाते. आत सूज आली की कंडरांचं फार बिघडत नाही, नस मात्र चेपली जाते. याला कार्पल टनेल म्हणतात. मधुमेह असलेल्यांना हे इतरांपेक्षा जास्त होतं, त्यामुळे "शुगरमुळे" म्हणणारे आम्ही अगदीच चूक नव्हतो. पण उपाय वेगळा आहे. मावशीने आधी दोन महिने रात्री मनगटाला पट्टी बांधली. पुरेसं बरं वाटलं नाही, तेव्हा छोटं ऑपरेशन करून तो वरचा पट्टा कापला. आता ती रात्रभर झोपते. आमचं ऐकून ती नुसतं गोड सोडून बसली असती, तर हळूहळू अंगठ्याखालचा मांसल भाग सुकत गेला असता, आणि तो एकदा सुकला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरेल याची खात्री नसते.

दोन तपासण्यांबद्दल मावशीचं मत: "सोनोग्राफी बरी गं. तो शॉकवाला माणूस नको."

जे पडद्यावर येत नाही

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, की मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी करून टाकावी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. नवीन यंत्र दिसलं की आमच्या क्षेत्रातल्या लोकांचे डोळे चमकतात. पण डॉक्टर तसं करत नाहीत, आणि त्याला कारणं आहेत.

सोनोग्राफी आकार दाखवते. नस काम कसं करते ते दाखवत नाही. ते कळायला मावशीला आवडली नाही तीच झटक्यांची तपासणी लागते. निरोगी हातात निरोप सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो, पायात थोडा हळू. आजारी नसेत तो मंदावतो. शिवाय काही निरोगी माणसांच्या नसा मुळातच जाड असतात आणि काही आजारी नसा फुगलेल्या नसतात. उंची, वजन, वय यांनीही आकडा बदलतो. त्यामुळे पायाच्या नसेचा एक आकडा सांगून "याच्या वर आजारी" असं ठामपणे म्हणता येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. पायाची आग आणि गरम-थंडाची जाणीव ज्या तंतूंमधून जाते, ते इतके बारीक असतात की सोनोग्राफीला एकेकटे दिसतच नाहीत, आणि झटक्यांच्या तपासणीतही सापडत नाहीत. एखाद्या बाईंचे पाय रात्रभर जळत असतील आणि दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येतील. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "तुम्हाला उगाच वाटतंय" असं त्यांना म्हणणं चूक आहे.

म्हणून आजही पहिली तपासणी अगदी साधी असते. नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवतात. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटून, लागलं की "हो" म्हणायचं. दुसरा असतो नादकाटा, १२८ हर्ट्‌झचा, म्हणजे हा चांगला ऐकू येणारा आवाज. तो वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि थरथर कळते का ते विचारतात. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाची ही पायांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. माझ्या मते आजोबांसाठी आधी हे मागा. सोनोग्राफी कधी, तर मावशीसारखं कोडं पडलं की.

संशोधन मात्र जोरात चालू आहे. बधिरपणा यायच्या आधीच नस फुगते का, फुगलेली नस साखर ताब्यात आल्यावर पुन्हा बारीक होते का, असे प्रश्न आहेत. नसेच्या कडेची रेघ माणसाऐवजी कॉम्प्युटरने ओढावी म्हणूनही प्रयत्न होतात. २०१६ साली कॅगल या संकेतस्थळावर मानेजवळच्या नसांची सोनोग्राफीची चित्रं देऊन तशी स्पर्धाच ठेवली होती. पण प्रोब बरोबर जागी धरायला अजून तरी माणसाचाच हात लागतो.

मुंग्या कुठून आल्या?

आमच्या वर्गातल्या एका मुलाची आजी भारतातून राहायला आली होती. तो तिच्याबरोबर दुभाषा म्हणून दवाखान्यात गेला. दुभाषा म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा. आजी म्हणाली, "पायाला मुंग्या येतात." त्याने डॉक्टरांना सांगितलं, की आजीच्या पायांवर किडे चढतात. डॉक्टर घराच्या स्वच्छतेबद्दल विचारू लागले! नंतर सगळे हसले, पण पहिली भेट त्यातच गेली.

उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून हे शब्द नीट शिका. मुंग्या येणे म्हणजे बारीक झिणझिण्या, पायावर पाय ठेवून फार वेळ बसल्यावर येतात तशा. बधिर होणे म्हणजे स्पर्शच न कळणे. "पायांची आग होते" म्हणजे ते आतून जळतात. वरून हात लावला तर कदाचित गारही लागतील. टोचतं ते सुई टोचल्यासारखं. ठणकतं म्हणजे ठोके पडल्यासारखं थांबून थांबून दुखतं. कोणी म्हणेल, "गादीवर चालल्यासारखं वाटतं", किंवा "चप्पल निसटली तरी कळत नाही." हे दोन्ही बधिरपणाचेच प्रकार आहेत, आणि डॉक्टरांना जसेच्या तसे सांगण्यासारखे आहेत. मुंग्या, आग आणि बधिरपणा यांची भेसळ करू नका. आजीने कोणता शब्द वापरला यावरून डॉक्टर पुढची तपासणी ठरवतात.

विचारायलाही शिका. "दोन्ही पायांना होतं का एकाच?" "रात्री जास्त होतं का?" "कोणत्या बोटांना?" आजीला तू म्हणत असाल तर "तुला", आजोबांना अहो-जाहो करत असाल तर "तुम्हाला". नमस्कार करताना आपण त्यांच्या पावलांना हात लावतो, पण तळवे कोणीच बघत नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणा, "आजोबा, तळवे दाखवा ना जरा." ते लाजतील, "काय बघायचंय त्यात?" म्हणतील. तरी बघा. फोड, भेग, लाल झालेली जागा, बोटांच्या मधली ओल. आणि थंडीत कोणी पायाशी गरम पाण्याची पिशवी घेत असेल, तर पाय बधिर असलेल्या माणसाने ती घेऊ नये, हे त्यांना सांगा.

सरावासाठी

१. शीर, शिरा, धमनी, नस आणि कंडरा यांपैकी प्रोबने दाबल्यावर चपटी कोण होते? बोटं हलवल्यावर कोण सरकतं? तुमच्या शब्दांत लिहा.

२. मावशीला मुंग्या पायापासून सुरू होऊन हळूहळू दोन्ही हातांत आल्या असत्या, तर डॉक्टरांनी वेगळा विचार का केला असता? पाच-सहा वाक्यांत सांगा.

३. एका लाटेची लांबी काढा: आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर, वारंवारता १० मेगाहर्ट्‌झ.

४. 'श्राव्यातीत' सारखे आणखी दोन शब्द शोधा, ज्यांच्या शेवटी 'अतीत' आहे.

५. घरातल्या एका मोठ्या माणसाला फोन करून त्यांच्या पायांबद्दल मराठीतून तीन प्रश्न विचारा. त्यांनी दिलेली उत्तरं त्यांच्याच शब्दांत, न बदलता, वहीत लिहून आणा.